फिस्टुला उडतो म्हणजे तो चालू आहे, असे नव्हे

सोलापुरातील डायलिसिस केंद्राबाहेर बसलेल्या नातेवाइकांना फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी शिरेला जोडून केलेली वाट, ठीक आहे का असे विचारले, की बहुतेक जण रुग्णाच्या हातावर बोट ठेवून ‘चांगला उडतोय’ असे समाधानाने सांगतात. फिस्टुल्यात तपासायची असते ती थरथर, ठोका नव्हे. या एका घोळापायी वाचवता आले असते असे फिस्टुले बंद पडतात, याचे मला फार वाईट वाटते.

ठोका सर्वांना ठाऊक आहे. मनगटावरची नाडी ती हीच. थरथर मात्र फिस्टुल्याची स्वतःची असते. शस्त्रक्रियेने धमनी थेट शिरेला जोडली, की मधल्या केशवाहिन्यांचा अडसर राहत नाही. त्यामुळे जास्त दाबाचे रक्त कमी दाबाच्या शिरेत हृदयाच्या आकुंचनातही आणि प्रसरणातही सतत धावत राहते आणि शिरेची भिंत कंप पावते. चालू यंत्रमागाच्या चौकटीवर तळहात ठेवावा, तशी ही न तुटणारी थरथर हाताला लागते. जोडाजवळ ती सर्वांत जोरकस असते, वर जाताना विरत जाते, आणि शीर दाबली तर मऊ लागते.

पुढे कोठे शीर अरुंद झाली, की रक्ताला वाट अपुरी पडते, मागे दाब साठतो आणि तीच शीर टणक होऊन धमनीसारखी उडू लागते. थरथर तुटक होते, प्रत्येक ठोक्यापुरतीच उरते. कान लावला तर सलग घुमणाऱ्या आवाजाऐवजी तुटक, शिट्टीसारखा तीव्र आवाज येतो. म्हणजे ज्या जोरदार उडण्याने घरचे निश्चिंत होतात, तीच बहुधा पुढच्या अडथळ्याची खूण असते. गुठळी होऊन फिस्टुला पूर्ण बंद झाला तरी जोडाजवळ धमनीचा ठोका लागू शकतो. थरथर मात्र गेलेली असते. दोन्ही क्षीण असतील तर अडचण बहुधा जोडाच्या आसपास, रक्त आत येण्याच्या वाटेवर असते.

शंका आल्यास हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर उचलून पाहावा. निरोगी फिस्टुल्याची फुगलेली शीर तेव्हा बसते; ती तशीच ताठ राहिली, तर पुढे अरुंदपणा असण्याची शक्यता मोठी. सुई काढल्यावर रक्त नेहमीपेक्षा उशिरा थांबणे आणि यंत्रावर शिरेकडचा दाब दर खेपेला चढत जाणे, ही त्याच दुखण्याची आणखी लक्षणे होत. न थांबणाऱ्या रक्ताचे खापर दर वेळी हेपॅरिनवर, म्हणजे डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधावर, फोडून मोकळे होण्याची सवय मला अजिबात मान्य नाही. अशा वेळी डॉप्लर, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्यावा. अरुंद जागा शिरेत बारीक फुगा घालून, तो फुगवून रुंद करता आली, तर फिस्टुला टिकतो.

फिस्टुल्याच्या हातावर रक्तदाब मोजू नये, त्यातून तपासणीचे रक्त काढू नये, घट्ट बांगड्या घालू नयेत आणि त्या हातावर झोपू नये. हे केंद्रात सांगितलेले असतेच.

तपासणी रोज सकाळी आणि रात्री करावी, शिवाय डायलिसिसमध्ये रक्तदाब उतरला असेल तर घरी पोचल्यावर पुन्हा एकदा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. जुलाब-उलट्या झाल्या की अंगातले पाणी आणि रक्तदाब दोन्ही घटतात आणि गुठळीचा धोका वाढतो. त्यावर मनानेच भरपूर पाणी पाजू नये, डॉक्टरांना विचारावे.

थरथर नाहीशी झाली, तर डायलिसिसच्या पुढच्या खेपेपर्यंत थांबणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गुठळी जितकी जुनी होते, तितकी ती काढणे अवघड जाते; मग डायलिसिससाठी गळ्याजवळच्या शिरेत नळी घालावी लागते, तिच्यातून जंतुसंसर्गाचा धोका येतो आणि छातीतल्या मोठ्या शिरा अरुंद होऊन त्या बाजूच्या पुढच्या फिस्टुल्याचीही वाट बिघडू शकते. म्हणून त्याच दिवशी, रात्र असली तरी, केंद्राला फोन करावा आणि ‘फिस्टुला दुखतोय’ एवढेच न सांगता शेवटची थरथर कधी लागली होती, आता नुसता ठोका लागतो की काहीच नाही, हाताला सूज आहे का आणि मागचे डायलिसिस कधी झाले, हे नेमके सांगावे.