चीज स्लाइस प्लास्टिकची नसते

चीज स्लाइसला लायटर लावला तर ती गळत नाही, काळी पडते. म्हणजे ती प्लास्टिकची, असा व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरतोय. अहो, थेंब थेंब गळतं ते प्लास्टिकच! इथला काळेपणा ज्योतीच्या काजळीचा आणि करपलेल्या दुधातल्या प्रथिनांचा. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गेर्बर आणि श्टेटलर यांनी चीज सोडियम सायट्रेट हा क्षार घालून वितळवलं; स्लाइस अशाच चीजची असते. हा क्षार केसीन या दुधातल्या प्रथिनामधलं कॅल्शियम ओढून घेतो, त्यामुळे स्निग्धांश आणि पाणी फुटून वेगळे होत नाहीत. मंद तव्यावर झाकण ठेवून टोस्ट करून बघा: आधी स्लाइसच्या कडा चकाकतात, मग ती पावावर मऊ पसरते. मीठ मात्र तिच्यात बरंच असतं, तेव्हा मुलांच्या टोस्टवर वेगळं भुरभुरू नका.