253 जोड्या आणि एक नाणे

गुन्हेशास्त्र म्हटले की बोटांचे ठसे आणि रक्ताचे डाग डोळ्यांसमोर येतात. ते काम न्यायसहायक विज्ञानाचे. माणूस गुन्ह्याकडे का वळतो आणि आपल्या उपायांनी तो मागे फिरतो का, हे गुन्हेशास्त्राचे प्रश्न.

विद्यापीठांत कायदा बोलोन्याच्या काळापासून, म्हणजे सुमारे नऊशे वर्षे शिकवला जातो. भर असायचा संहितेचा अर्थ लावण्यावर. शिक्षेनंतर माणसाचे काय होते, हे वर्गाबाहेरच राहायचे. ती उणीव संशोधन केंद्रांनी भरायला घेतली. 1912 मध्ये ग्रात्स विद्यापीठात हान्स ग्रोस यांची संस्था आली, 1959 मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या विधी शाखेत लिऑन रॅड्झिनोविच यांची.

मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला प्रयोग. मदतीच्या उपक्रमाने मुले गुन्ह्यापासून दूर राहतात का, हे त्यात तपासले. 1939 मध्ये तिथे 506 मुलांच्या 253 जोड्या लावल्या. वय, घर, स्वभाव, परिसर शक्य तितके सारखे. मग प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवले. एकाला समुपदेशक, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे. दुसऱ्याला यातले काही नाही.

नाणेच का? मुले माणसाने निवडली असती, तर सुधारण्याजोगी वाटणारीच मदतीच्या गटात गेली असती आणि यशाचे श्रेय उपक्रमाला मिळाले असते. नाण्याला ओढा नसतो. आपल्याला न सुचलेले फरकही दोन्ही गटांत निःपक्षपातीपणे वाटले जातात. उरतो तो योगायोग, आणि त्याचा हिशेब मांडता येतो. समजा, 100 जोड्यांमध्ये दोघांपैकी एकानेच पुढे गुन्हा केला. उपक्रम निष्प्रभ असेल तर तो मदत मिळालेला मुलगा असण्याची अपेक्षा 50 वेळा. योगायोगाने हा आकडा साधारण किती इकडेतिकडे सरकतो, ते प्रमाण विचलन सांगते: इथे 100 च्या वर्गमुळाच्या निम्मे, म्हणजे 5. आकडा त्याच्या दुपटीपलीकडे, म्हणजे 40 ते 60 च्या बाहेर गेला, तर योगायोगावर बोट ठेवणे अवघड होते.

चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखण्याचा इटालियन डॉक्टर लोम्ब्रोसोचा 1876 चा दावा तुलनेपुढे टिकला नाही. इंग्लंडमधले तुरुंग-डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे 3000 कैद्यांची मोजमापे घेऊन, इतरांशी ताडून 1913 मध्ये दाखवले की असा वेगळा शारीरिक प्रकार सापडत नाही. आज तोच दावा संगणकाच्या नावाने विकला जातो. यंत्र नवे असले तरी भाकीत हस्तरेषांच्याच जातीचे आहे.

मॅसॅच्युसेट्सच्या मुलांचा गुन्हेशास्त्रज्ञ जोन मकॉर्ड यांनी तीस वर्षांनी शोध घेतला. मदत मिळालेल्यांपैकी उत्तर देणाऱ्या दोन तृतीयांश पुरुषांनी उपक्रमाचा फायदा झाल्याचे सांगितले. नोंदी उलट बोलत होत्या. एकाहून अधिक गुन्हे, दारूचे व्यसन, अकाली मृत्यू यांत तेच जोडीदारांच्या पुढे होते. पुढच्या विश्लेषणात हे नुकसान मुख्यतः उन्हाळी शिबिरांना पुन्हा पाठवलेल्या मुलांत आढळले. वाट चुकण्याची शक्यता असलेली मुले एकत्र राहिली की एकमेकांच्या बढाईला दाद देतात, हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.