बऱ्हाणपूर एका दिवसात : गाइडच्या गोष्टींमागची सहाशे वर्षं

रावेर सोडून गाडी राज्याची हद्द ओलांडते तेव्हा खिडकीबाहेर काहीच बदलत नाही. केळीच्या बागा इकडेही आणि तिकडेही, ठिबकच्या नळ्या त्याच, बांधावरची भाषाही जवळपास तीच. फक्त पाटीवरच्या बऱ्हाणपूरचं 'बुरहानपुर' होतं. गावाच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर आम्ही ठरवलेला गाइड उभा होता. त्याने आधी आमच्याकडे पाहिलंच नाही, नंबर प्लेटकडे पाहिलं. एमएच १९ दिसताच म्हणाला, "आपको क्या बताना साहब, ये तो आपका ही खानदेश है."

गिऱ्हाईक खूश करायची त्याची ती रोजची सुरुवात असणार. इंदूरकडची गाडी आली की वेगळी असेल, बोहरा यात्रेकरू आले की आणखी वेगळी. पण वाक्य खरं आहे. जळगाव-भुसावळची माणसं सकाळी निघून रात्री घरी परतायच्या बोलीने गाडी आणि गाइड ठरवतात, ते आपल्याच जुन्या राजधानीला जातात. मधे राज्याची सीमा आली ती फार उशिरा.

गोष्ट सुरू होते ती मात्र बऱ्हाणपुरात नाही, आजच्या धुळे जिल्ह्यात, तापीकाठच्या थाळनेरला. फिरोजशहा तुघलकाने १३७० साली मलिक राजाला थाळनेर-करवंदचा मुलूख दिला. १३८२च्या सुमारास तो स्वतंत्रपणे कारभार करू लागला आणि फारुकी घराणं सुरू झालं. त्याचा मुलगा नासिरखान. 'खान' या किताबावरून खानदेश, ही व्युत्पत्ती सर्वांत जास्त ऐकू येते. कान्हदेश म्हणणारेही आहेत, आणि तो वाद कुठल्याही लग्नाच्या पंगतीत रंगू शकतो. नासिरखानाने आसा अहिराकडून आसीरगड घेतला. डोल्यांतून बायकामुलं पाठवतो असं सांगून सैनिक घुसवले, ही कथा गाइड गडाच्या पायथ्याशी गाडी थांबवून सांगतो. गड हाती आल्यावर त्याच्या दक्षिणेला तापीकाठी शहर वसवलं आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. नदीपलीकडच्या वस्तीला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्यावरून जैनाबाद.

इथे गाइड एक गोष्ट रंगवतो. गड जिंकल्याबद्दल शाबासकी द्यायला जैनुद्दीन स्वतः आले, नासिरखान जमिनी देऊ लागला, फकिराला जहागीर काय करायची म्हणून त्यांनी नकार दिला आणि मागितलं ते गुरूच्या नावाचं एक शहर नि आपल्या नावाचं एक गाव. ऐकायला छान. अडचण एवढीच की आसीरगड पडला १४००च्या आसपास, आणि तोवर जैनुद्दीन यांना जाऊन तीस वर्षं झाली होती. खुलताबादला गुरुशिष्य दोघांच्याही कबरी आहेत. पण ही थाप गाइडच्या माथी मारता येत नाही. विजापूरच्या दरबारातल्या फिरिश्त्याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हीच गोष्ट आपल्या तवारिखेत लिहून ठेवली. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही बऱ्हाणपुरात परक्याला हे असंच सांगितलं जात होतं. गाइडच्या गोष्टी ऐकताना मला हे फार उपयोगी पडतं: खरं-खोटं ठरवण्याआधी ही गोष्ट किती जुनी आहे, ते विचारावं.

वाट दाखवणाऱ्याचा धंदाही काही कालचा नाही. त्र्यंबकेश्वरचे क्षेत्रोपाध्ये वहीतून सात पिढ्यांची नावं वाचून दाखवत, राहायची-जेवायची सोय करत आणि कुठल्या कुंडात आधी स्नान करायचं तेही सांगत. दर्ग्यात मुजावर, किल्ल्यावर राखणदार. अजिंठ्यात तर विजेचे दिवे येण्याआधी माणसं लेण्याच्या दारात आरसा धरून उभी राहत आणि ऊन आतल्या पांढऱ्या कापडावर पाडून चित्रं उजळवत. कुठलं चित्र किती वेळ दिसावं हे त्या आरशावाल्याच्या मनगटावर होतं. पुढे सरकारी परवाने आले, गळ्यात ओळखपत्रं आली. पण खाजगी गाइड आजही तेच करतो, उजेड कुठे पाडायचा ते ठरवतो. बऱ्हाणपुरात तो बहुतेक वेळा मुमताजवर पडतो.

ते साहजिक आहे. शाहजहान १६३० साली बंडखोर खानजहान लोदी आणि निजामशाही यांच्या पाठीमागे लागून बऱ्हाणपुरात तळ देऊन बसला होता. १७ जून १६३१ला चौदाव्या बाळंतपणात मुमताज इथेच वारली. जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, तिचं पहिलं दफन झालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात शव आग्र्याला नेलं. "ताजमहल यहीं बनने वाला था" हे वाक्य तापीच्या पुलावर ठरलेलं आहे. माती भुसभुशीत होती, वाळवी होती, संगमरवर लांब पडत होता, अशी कारणंही तयार असतात. मला त्यातलं एकही पटलेलं नाही.

त्यापेक्षा एक खरा धागा आहे, तो मात्र सहसा कुणी ओढत नाही. आग्र्यात ताजची जागा होती मिर्झाराजे जयसिंगाच्या मालकीची. बदल्यात त्याला दुसऱ्या हवेल्या मिळाल्या. हाच जयसिंग पुढे पुरंदरच्या तहाला आपल्याकडे आला, आणि दख्खनेतून परतताना १६६७ साली बऱ्हाणपुरातच वारला. मोहना आणि तापीच्या संगमावर त्याची छत्री आहे. मुमताज इथे गेली आणि तिच्यासाठी जमीन देणाराही इथेच गेला. मराठी मंडळींना ताजपेक्षा हे सांगावं, असं मी गाइडला सुचवलं. त्याने मान डोलावली, पण छत्री वाटेवर नाही म्हणाला.

त्याच वर्षांतली दुसरी गोष्ट मुमताजच्या सावलीत पार बुडून गेली आहे. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खनेत भीषण दुष्काळ होता. पीटर मंडी हा इंग्रज १६३०च्या नोव्हेंबरात सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघाला. नंदुरबारला तंबू ठोकायला जागा मिळेना, इतकी प्रेतं पडली होती, असं तो लिहितो. बादशाहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायला काढले. वीस सोमवारांत एक लाख, असा हिशोब दरबारी इतिहासकार लाहोरीने दिला आहे. मंडी ज्या वाटेने आला, जवळपास त्याच पट्ट्यातून आजचा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता जातो. आमची गाडी यावल-फैजपूर-सावद्याहून त्याच रस्त्याने आली होती, डिकीत शेवेची पाकिटं आणि कळण्याच्या भाकरी घेऊन.

त्याच्या पंधरा वर्षं आधी याच शहरात इंग्रज वकील टॉमस रो आला होता, नोव्हेंबर १६१५मध्ये, शाहजादा परवेझच्या भेटीला. त्याला शहर अजिबात आवडलं नाही. शाहजादा, खानखानान आणि आणखी थोड्यांची घरं सोडली तर बाकी सगळ्या मातीच्या झोपड्या, असं त्याने लिहिलं. भेट म्हणून त्याने मद्याच्या बाटल्यांची पेटी दिली आणि त्यापायी शाहजाद्याची पुढची भेट राहूनच गेली.

रोला न दिसलेली गोष्ट त्याच्या पायाखालीच होती. कुंडी भंडारा या भुयारी पाणीव्यवस्थेचं साल १६१५ हेच सांगतात. सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे दोह्यांचा रहीम. योजना तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराची. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी वाटेत अडवायचं, भुयारात गोळा करायचं, आणि उताराने शहरापर्यंत आणायचं. ना मोट, ना पंप. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या, शंभरावर. इराणात याला कनात म्हणतात. गावाला पाणी देणाऱ्या अशा आठ व्यवस्था होत्या.

आता एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे. साधारण ऐंशी फूट खाली जाते. माझे वडील, नाना, आयुष्यभर केळी पिकवलेले. लिफ्टमध्ये चढायला तयार नव्हते, खाली गेल्यावर वर यायला तयार नव्हते. भिंतींवर चुन्याची पांढरी पुटं चढलेली, पाणी पोटरीपर्यंत, निवळशंख आणि गार. नानांनी पाण्याची ओढ कुठल्या बाजूला आहे ते हाताने बघितलं, मग वर पाहिलं आणि विचारलं, "बोअर किती फुटावर लागते इथे?" गाइडला या प्रश्नाचं उत्तर पाठ नव्हतं. रावेर-यावल पट्ट्यात विहिरी आटून बोअर खोल खोल जात असताना ऐंशी फुटांवर वाहतं पाणी बघणं, हे शेतकऱ्यासाठी ताजमहालापेक्षा मोठं असू शकतं. गाइडने इथे वीस मिनिटं धरली होती. आम्ही तास घेतला, आणि शाही किल्ल्यातल्या हमामाच्या रंगीत छतावर मग घाईघाईने मान वर करावी लागली.

जामा मशिदीत मात्र घाई करू नये. राजा अलीखान फारुकीने ती बांधली. आत अरबी लेख आहे आणि जोडीला संस्कृत. गाइडने मोबाइलवर त्याचा फोटो मोठा करून नानांपुढे धरला. नानांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, थोडा वेळ अक्षरं लावली आणि म्हणाले, "अरे, हे तर शके आहे." होय, शके १५११, संवत १६४६, आणि पंचांगात असते तशी तिथी-वाराची नोंद. सुरुवात सृष्टिकर्त्याला नमस्काराने, मग अव्यक्त, व्यापक, नित्य अशा ईश्वराचं वंदन आणि त्यानंतर फारुकींची वंशावळ. मशीद बांधणाऱ्याने आपल्या घराण्याचा हिशोब इथल्या लोकांच्या पंचांगात मांडून ठेवला. याचा आज कोण काय अर्थ लावील सांगता येत नाही, पण बांधणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, एवढं दगडावर आहे. राजा अलीखान १५९७ साली मोगलांच्या बाजूने लढताना मेला. जानेवारी १६०१मध्ये अकबराने आसीरगड घेतला, फारुकी संपले, आणि शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचं 'दानदेश' झालं. ते नाव टिकलं नाही. बरंच झालं.

एमएच १९ पाहून गाइडने आणखी एक ठेवणीतली गोष्ट काढली, ती बहादूरपुऱ्याची. राज्याभिषेकाला पंधरवडाही होत नाही तोच, ३० जानेवारी १६८१ला, संभाजी महाराजांच्या फौजेने हा श्रीमंत पुरा लुटला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात उतरला. उत्तरेत तो पुन्हा कधी परतला नाही. गाइडने हे दबक्या आवाजात, जणू आमच्यातलंच गुपित असल्यासारखं सांगितलं. दुसऱ्या गाडीला तो हे कसं सांगतो, ते ऐकायला मला आवडेल.

मग हे शहर आपल्या नकाशातून सुटलं कसं? १७६०मध्ये उदगीरनंतर ते मराठ्यांकडे आलं आणि पुढे शिंद्यांकडे गेलं. गोम इथेच आहे. १८१८ला पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी खानदेश घेतला तो पेशव्यांचा नि होळकरांचा म्हणून, आणि तो मुंबई इलाख्याला जोडला. बऱ्हाणपूर शिंद्यांचंच राहिलं. एप्रिल १८१९मध्ये आसीरगड तेवढा वेढा घालून घेतला. (त्याच महिन्याच्या २८ तारखेला जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली. खानदेशच्या दोन टोकांना एकाच महिन्यात.) बऱ्हाणपूर शहर इंग्रजांकडे आलं १८६० साली, तोवर खानदेश जिल्ह्याची घडी बसून गेली होती. त्यामुळे ते निमाड जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रांतात गेलं आणि १९५६ला मध्य प्रदेशात राहिलं. १९०६ला खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा जुनी राजधानी दोन्हींत नव्हती. २००३पासून ती स्वतंत्र जिल्हा आहे. शाळेत आम्हाला जळगाव जिल्ह्याचा भूगोल शिकवला, त्यात रावेरच्या पुढे कोरा कागद होता.

रेल्वेने तो कोरा कागद थोडा भरला. भुसावळ-खंडवा मार्गावर बऱ्हाणपूरचं स्टेशन लालबागेत आलं, आणि एका दिवसात जाऊन येणं शक्य झालं. भुसावळच्या रेल्वेवाल्यांच्या घरी बऱ्हाणपूरचा दराबा आणि मावा जिलेबी येते ती त्या मार्गाने. खाजगी गाडी आणि दिवसभराचा गाइड ही गेल्या काही वर्षांतली चैन. लग्नसराई आटोपली, केळीचा माल गेला, की क्रूझर ठरवायची, येताना मुक्ताईनगर करायचं.

संध्याकाळी आसीरगडाच्या पायथ्याशी पैसे देताना मी गाइडला विचारलं, फारुकींच्या सगळ्या कबरी दाखवल्यास, पण पहिला मलिक राजा कुठे आहे? त्याने नोटा मोजून खिशात घातल्या.

"वो तो आपकी तरफ है साहब. थालनेर. वहाँ कोई गाइड नहीं मिलेगा."