मिनिटभरात वळणारी दुर्बीण

गॅमा किरण स्फोट पुन्हा होत नाही, ही त्याच्या अभ्यासातली सर्वांत मोठी अडचण आहे. आकाशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून, कुठल्याही क्षणी गॅमा किरणांचा, म्हणजे सर्वाधिक ऊर्जेच्या प्रकाशाचा, झोत येतो, काही सेकंद किंवा काही मिनिटे टिकतो आणि संपतो. पृथ्वीचे वातावरण हे किरण अडवते, त्यामुळे ते टिपायचे तर उपकरण अवकाशातच हवे.

पहिला स्फोट सापडला तोही शोधायला न जाता. चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेने वेला उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांच्या नोंदीत एक झोत आला, पण तो अणुस्फोटासारखा दिसत नव्हता. हा शोध जाहीर व्हायला १९७३ उजाडले. हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की फार दूरचे, हा वाद मात्र आणखी दोन तपे चालला. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर काही तासांनी बेपोसॅक्स उपग्रहाने त्या जागी मंद होत जाणारा क्ष-किरणांचा प्रकाश पाहिला, आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका स्फोटाचे अंतर मोजता आले. ते अब्जावधी प्रकाशवर्षे निघाले.

स्फोटानंतरचे पहिले काही तास तरीही अंधारातच राहत होते. उपग्रहाने कळवायचे, जमिनीवरच्या माणसांनी हिशेब करून आज्ञा पाठवायची, मग दुर्बीण वळवायची. २० नोव्हेंबर २००४ रोजी उडालेल्या नासाच्या स्विफ्ट या अवकाश दुर्बिणीने ही साखळीच मोडली. माझ्या मते तिचे खरे कर्तृत्व हेच आहे: कुठे वळायचे ते ती स्वतः ठरवते.

गॅमा किरण साध्या भिंगाने किंवा आरशाने एकवटता येत नाहीत. म्हणून स्विफ्टच्या मुख्य शोधक उपकरणावर शिशाच्या ५० हजारांहून अधिक छोट्या तुकड्यांचे छत आहे, तेही मुद्दाम वेड्यावाकड्या नक्षीत. खाली ३२,७६८ संवेदक आहेत. जाळीच्या खिडकीतून जमिनीवर पडलेल्या कवडशांवरून सूर्य कुठे आहे ते सांगता येते, तसेच संवेदकांवर पडलेल्या नक्षीच्या सावलीवरून स्फोटाची दिशा काढता येते. या छताखालून एका वेळी साधारण एक षष्ठांश आकाश दिसते. सापडलेली जागा चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सुमारे दहाव्या भागाएवढी असते. सूर्य, चंद्र किंवा पृथ्वी आड येत नाही ना, हे संगणक तपासतो आणि साधारण २० ते ७५ सेकंदांत अख्खे यान वळवतो. मग क्ष-किरण दुर्बीण आणि अतिनील-दृश्य प्रकाशाची दुर्बीण त्या जागी रोखल्या जातात, आणि जागा काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) नेमकी कळते. दरम्यान जगभरच्या वेधशाळांना संदेश गेलेला असतो.

या घाईचे फळ लगेच मिळाले. मागे उरणारा प्रकाश सावकाश मंदावत जातो, असे तोवर वाटत होते. स्विफ्टला दिसले ते वेगळेच. आधी एकदम घसरण, मग कधी कधी बराच वेळ जवळजवळ स्थिर पातळी, मधूनच भडका. म्हणजे स्फोट घडवणारे यंत्र, मग ते कृष्णविवर असो वा अतितीव्र चुंबकक्षेत्राचा न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा), झोत संपल्यावरही काही काळ धडधडत असावे.

१९ मार्च २००८ च्या स्फोटाचा प्रकाश साडेसात अब्ज वर्षे प्रवास करून आला होता, म्हणजे निघाला तेव्हा पृथ्वीही जन्मली नव्हती. तरीही अंधाऱ्या आकाशात तो अर्धा मिनिटभर नुसत्या डोळ्यांनी दिसू शकला असता! २३ एप्रिल २००९ चा स्फोट तर विश्व जेमतेम ६३ कोटी वर्षांचे असतानाचा होता.

दोन सेकंदांहून लांब स्फोट महाकाय तारा कोसळल्याने होतात आणि आखूड स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून, ही सोयीची विभागणीही टिकली नाही. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट मिनिटभर चालला, पण मागे दिसला तो किलोनोव्हा, म्हणजे विलीनीकरणात जड मूलद्रव्ये तयार होताना पडणारा उजेड. मला हा स्फोट सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण नुसत्या कालावधीवर विसंबलो असतो तर त्याचे मूळ चुकीचे ठरले असते.

हा पाठलाग एका यानाचा नाही. २०१५ मध्ये इस्रोने सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या उपग्रहावरही स्विफ्टसारखेच कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे संवेदक असलेले उपकरण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडलेले हे उपकरण गॅमा किरणांचे ध्रुवीकरणही, म्हणजे त्यांच्या लहरी कोणत्या दिशेने कंप पावतात तेही, मोजते, आणि त्याची विदा (माहितीच्या नोंदी) पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत हाताळली जाते. लडाखमधल्या हानले येथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे. अमेरिकेत दिवस असताना इथे रात्र असते, त्यामुळे तिकडच्या दुर्बिणी थांबल्या तरी विझत चाललेल्या स्फोटाचा माग इथून काढता येतो. आणि दृश्य प्रकाश संपल्यावर, कधी कधी कित्येक महिन्यांनीही, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला त्याच जागेवरून रेडिओलहरी मिळू शकतात.