लोगो बदलला, आत काय बदललं?

सोलापूरच्या अशोक चौकाजवळ ओळखीच्या एका टॉवेल कारखानदारांच्या टेबलावर अजून लँडलाइन आहे. परवा बीएसएनएलच्या फोनबिलावरच्या भगव्या वर्तुळावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "काय मालक, ह्ये चित्र बदललं. आत काय बदललंय का नाही?"

चित्र बदललं २२ ऑक्टोबर २०२४ ला. वर्तुळात भारताचा नकाशा आला, 'कनेक्टिंग इंडिया'चं 'कनेक्टिंग भारत' झालं. त्याआधी १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली होती आणि १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएल कंपनी म्हणून कामाला लागली. पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो बदल सी-डॉटच्या डिजिटल एक्स्चेंजचा, म्हणजे कॉल जोडणाऱ्या यंत्राचा. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने दोनच वर्षांत कर्नाटकातल्या कित्तूरला आपलं ग्रामीण एक्स्चेंज बसवलं. त्याला एसी लागत नसे. सोलापूरचा मे महिना सोसलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

जुन्या एक्स्चेंजमध्ये डायल फिरवला की लोखंडी हात वर चढे, मग आडवा वळे आणि तुमची तार दुसऱ्याच्या तारेला प्रत्यक्ष टेकवी. डिजिटल एक्स्चेंजमध्ये तार तारेला टेकतच नाही. फोनवरचा आवाज साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंतचा असतो. तो पुन्हा नीट उभा करायला दुपटीहून जास्त वेळा मोजावा लागतो, म्हणून सेकंदाला ८,००० वेळा मोजतात. प्रत्येक माप ८ बिटांचं, म्हणजे शून्य-एकच्या आठ आकड्यांचं. दोन मापांमध्ये १२५ मायक्रोसेकंद मोकळे राहतात, तेवढ्यात इतरांची मापं त्याच वाटेने जातात. मागावर रंगीत धागे पाळीपाळीने पडतात, तसंच. एका जोडीवर अशा ३२ पाळ्या बसतात. त्यातल्या ३० बोलण्याच्या, उरलेल्या दोन ताल राखायला आणि कॉल लावण्या-तोडण्याच्या निरोपांना. सेकंदाला एकूण २०,४८,००० बिट.

आता जोडणी बघा. येणारी मापं मेमरीच्या खणांत ओळीने लिहिली जातात, वाचताना मात्र क्रम बदलतो. पाचव्या पाळीवाल्याला एकोणिसाव्याशी बोलायचंय, तर एकोणिसाव्याची पाळी आली की पाचवा खण वाचायचा, आणि पाचव्याची आली की एकोणिसावा. झाला कॉल जोडून! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा ते पान तीनदा वाचलं होतं.

२७ सप्टेंबर २०२५ ला देशाला अर्पण झालेल्या बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचा गाभाही, म्हणजे कॉल जोडणारा मधला भागही, सी-डॉटचाच. टॉवरवरची रेडिओ यंत्रणा तेजस कंपनीची, सगळ्याची जुळणी टीसीएस कंपनीची. तिथे ठरलेल्या पाळ्या नाहीत. आवाजाची पाकिटं होतात आणि प्रत्येकावर पत्ता असतो. टॉवरच्या लहरींना घाबरण्याचंही कारण नाही. त्यांच्यात रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. कोरोनाच्या काळात ५जीमुळे साथ पसरते असे निरोप आपल्याकडेही फिरले, तेव्हा भारतात ५जी सेवा सुरूच झाली नव्हती. ती आली १ ऑक्टोबर २०२२ ला.

कारखानदारांना मी त्यांच्याच भिंतीवरचा डबा दाखवला. तांब्याची जोडी काढून तिथे केसाएवढी काचेची तार आली आहे. ०२१७ च्या पुढचा नंबर तोच आहे, पण त्यावरचं "हॅलो" आता पाळीने न जाता पाकिटातून जातं.