पुरस्कार-नामांकनास चालना (मत्स्यसंवर्धन संस्था)

मत्स्यसंवर्धनातील व्यावसायिक संस्थेने आपल्या पुरस्कारांसाठी योग्य माणसांची नावे यावीत म्हणून मुद्दाम केलेली खटपट. परिपत्रक काढले की काम संपले असे बहुतेक कार्यकारिणींना वाटते. खरे काम त्यानंतर सुरू होते: नाव सुचवू शकेल असा माणूस गाठणे, त्याच्याकडून प्रस्ताव लिहून घेणे आणि पुराव्यांची जुळवाजुळव करून देणे.

संशोधक आणि तरुण संशोधक या गटांत नावांची वानवा नसते. शोधनिबंधांची यादी तयार असते आणि शिफारस लिहायला मार्गदर्शक असतो. हॅचरीचालक (माशांची अंडी उबवून पिल्ले तयार करणारे) आणि मत्स्यशेतकरी या गटांत मात्र मुदतवाढ द्यावी लागते. वडोदऱ्यात ही दोन्ही टोके जवळजवळ आहेत. शहरात महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग आणि केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र; तर डभोई, वाघोडिया, पादरा या तालुक्यांत पंचायतीचे तलाव इजाऱ्याने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याने, घेऊन रोहू, कटला, मृगळ वाढवणारे लोक. इजारदाराच्या मागे मार्गदर्शक नसतो. त्याचे काम ज्यांनी पाहिलेले असते ते मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्ले, विकणारे, खाद्य पुरवणारे आणि मत्स्य खात्याचे कर्मचारी. आपणही नाव सुचवू शकतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मुदत कधी ठेवायची याला फार महत्त्व आहे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांना प्रमुख कार्प माशांच्या (रोहू, कटला, मृगळ) प्रेरित प्रजननात, म्हणजे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्यात, यश आले. म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. समारंभ त्या दिवशी शोभतो, पण अर्जाची मुदत जूनमध्ये ठेवली तर हॅचरीवाला हातातून जातो. पाऊस पडला की संध्याकाळी इंजेक्शन, रात्री उशिरा अंडी, मग उबवण टाकीवर पहारा. कागद भरायला कोण बसणार? मार्चमध्ये सरकारी माणसे वर्षअखेरीत बुडालेली असतात. डिसेंबरच्या सुरुवातीला आवाहन आणि फेब्रुवारीच्या मध्याला मुदत, हे वेळापत्रक सोयीचे. तोवर मागच्या हंगामाची काढणी होऊन आकडे हाती आलेले असतात.

प्रस्तावात एक प्रस्तावक, दोन अनुमोदक, नामांकित व्यक्तीची लेखी संमती, 300 ते 500 शब्दांचे कार्यवर्णन आणि पुरावे एवढे पुरते. मत्स्यशेतकऱ्यासाठी पुरावे म्हणजे इजाऱ्याचा करार, बीजाची पावती, खाद्याची बिले, काढणीच्या काटापावत्या (वजनाच्या पावत्या). निमखाऱ्या पाण्यातल्या कोळंबी प्रकल्पाचे नाव असेल तर 2005 च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाकडील नोंदणीही जोडावी. ‘परिसरात मोलाचे योगदान’ असली वाक्ये गाळावीत. निवड समितीला त्यातून काही कळत नाही.

आकडे आधी आपणच तपासावेत. 4 हेक्टरच्या तलावात हेक्टरी 5,000 प्रमाणे 20,000 बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली, 70 टक्के जगली, सरासरी वजन 800 ग्रॅम भरले, तर उत्पादन 11,200 किलो, म्हणजे हेक्टरी 2,800 किलो. अर्जात 18 टन लिहिले असेल, तर त्याच सरासरी वजनाचे 22,500 मासे हवेत. सोडले त्याहून जास्त. दर वेळी ही लबाडीच असते असे नाही. बारमाही तलावात मागच्या वर्षीचे मासे शिल्लक राहतात आणि तेही जाळ्यात येतात, किंवा बीज वाटीने अंदाजे मोजलेले असते. कारण विचारून कार्यवर्णनात लिहिले तर प्रस्ताव टिकतो, लपवले तर पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

भाषेची अडचण वडोदऱ्यात विशेष जाणवते. अर्ज इंग्रजीत, शेतकऱ्याची हिशेबाची वही गुजरातीत, आणि शब्दांकन करून देणारा कधी दांडिया बाजारातला मराठी प्राध्यापक. अर्ज गुजरातीत स्वीकारून भाषांतराची जबाबदारी संस्थेने घ्यावी. बोलून माहिती घेताना एकरी की हेक्टरी हे दोनदा विचारावे. 1 हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, आणि याच ठिकाणी निम्मे घोटाळे होतात.

नावे शोधणारे आणि निवड करणारे वेगळे असावेत. शोधसमितीतल्या माणसाने आणलेल्या नावावर त्यानेच गुण दिले की पुरस्कार आपसातला ठरतो. खाद्य कंपनीने पुरस्कार प्रायोजित केला असेल तर तिचा प्रतिनिधी निवडीत नको. नामांकनासाठी शुल्क तर मुळीच घेऊ नये; पैसे भरून मिळणाऱ्या ‘गौरव’ चिन्हांनी लोक आधीच सावध झालेले आहेत.

स्वतःचे नाव स्वतः सुचवू द्यावे का, यावर संस्थांत एकमत नाही. पद्म पुरस्कारांना ते चालते. तिथे 800 शब्दांपर्यंत कार्यवर्णन मागतात. मत्स्यपालक तिथवर पोहोचलेही आहेत: हरियाणाचे सुलतान सिंग (2019) आणि ओडिशाचे बटकृष्ण साहू (2020) यांना पद्मश्री मिळाली. शेतकरी गटापुरती ही मुभा द्यावी, पण जागेवर जाऊन पाहणी सक्तीची ठेवावी. पाहणी काढणीच्या दिवशी झाली तर उत्तम. काट्यावरचे वजन डोळ्यांनी दिसते.

निवड न झालेले प्रस्ताव फेकू नयेत. ते पुढील 2 वर्षे विचारात राहतील असा नियम करावा आणि काय कमी पडले ते प्रस्तावकाला दोन ओळींत कळवावे. बहुधा उणीव एकच असते: काटापावत्या जपून ठेवलेल्या नसतात. हे निवड होताच सांगितले, तर उन्हाळ्याच्या काढणीत त्या वहीला टाचल्या जातात.