मेशचे व्हर्टेक्स म्हणजे पॉइंट क्लाउड नाही

हा घोळ इतक्यांदा बघितलाय की आता सविस्तरच लिहितो. वस्तू ओळखणारं मॉडेल ट्रेन करायचं म्हणून लोक थ्रीडी मॉडेलची फाइल उघडतात, त्यातले व्हर्टेक्स (म्हणजे ज्या त्रिकोणांनी आकार बनतो त्यांचे कोपरे) तेवढे उचलतात, त्रिकोण टाकून देतात आणि म्हणतात झाला पॉइंट क्लाउड, म्हणजे थ्रीडी स्कॅनर देतो तसा बिंदूंचा ढग. नाही झाला.

मेश म्हणजे व्हर्टेक्स आणि ते जोडून त्रिकोण कसे करायचे याची यादी, थ्रीडी मॉडेलच्या फाइलमध्ये असते ती. क्लाउडमध्ये नुसते बिंदू, जोडणी नाही. बिंदूंचा क्रम बदलला तरी वस्तू तीच राहते, ते पॉइंटनेटसारखं (थेट पॉइंट क्लाउडवर चालणारं) न्यूरल नेटवर्क मॅक्स पूलिंगने, म्हणजे सगळ्या बिंदूंमधून सगळ्यात मोठी किंमत तेवढी घेऊन, सांभाळून घेतं. फाइल फॉरमॅटवरून तर काही ठरवूच नका, पीएलवाय (.ply) फाइलमध्ये दोन्ही बसतात.

खरा प्रश्न आहे की बिंदू तिथे का आहे. मेशमध्ये व्हर्टेक्स तिथे लागतो जिथे आकार वळतो, सपाट भाग त्रिकोणच झाकून टाकतो. स्कॅनरचा बिंदू तिथे पडतो जिथे किरण पृष्ठभागाला लागला, मग तिथे कोपरा असो वा नसो.

एक टेबल घ्या. वरची फळी म्हणजे चपटा ठोकळा, ८ व्हर्टेक्स. चार गोल पाय, प्रत्येकाला ६४ बाजू, म्हणजे वर ६४ आणि खाली ६४, एका पायाचे १२८, चारांचे ५१२. एकूण ५२० "पॉइंट", त्यातले ५१२ पायांच्या टोकांना! फळीच्या मधोमध एकही नाही, पायांच्या मध्यावरही नाही. मॉडेलला दिसतात आठ कडी आणि आठ कोपरे, आणि ते त्यालाच टेबल समजायला लागतं. खऱ्या टेबलाचा वरून स्कॅन घेतला की बरोब्बर उलटं, फळीवर ढीगभर बिंदू आणि पायांवर तुरळक. आणि सगळ्यात वाईट म्हणजे टेस्ट सेटही (मॉडेल तपासायचा डेटा) तसाच बनवलेला असतो, त्यामुळे अचूकतेचे आकडे छान येतात आणि मॉडेल शिकलेलं असतं त्या थ्रीडी आकार बनवणाऱ्याच्या सवयी.

मॉडेलनेट४० या डेटासेटमध्ये १२,३११ थ्रीडी मॉडेल आहेत, सगळी ओएफएफ फाइलमधली मेश. २०१७ च्या पॉइंटनेटने त्यांचे व्हर्टेक्स उचलले नव्हते, त्रिकोणांच्या पृष्ठभागावरून १०२४ बिंदू सगळीकडे सारखे पसरतील असे सँपल केले (निवडले) होते. तसंच करा. आधी त्रिकोण निवडा, पण क्षेत्रफळाच्या प्रमाणात, सगळ्या त्रिकोणांना सारखी संधी दिली तर बारीक नक्षीवर गर्दी होऊन फळी परत रिकामीच राहते. मग त्या त्रिकोणात ० ते १ मधले दोन रँडम आकडे घेऊन एका कोपऱ्यापासून दोन बाजूंच्या दिशेने त्या-त्या बाजूच्या लांबीच्या तेवढ्या पट सरका, बेरीज १ च्या वर गेली तर दोन्ही आकडे १ मधून वजा करा, नाहीतर बिंदू त्रिकोणाबाहेर पडेल. दहा-बारा ओळींचा कोड आहे हो, तो टाळण्यात काय मिळतं मला खरंच कळत नाही.

एवढं केलं तरी तो क्लाउड स्कॅनसारखा होत नाही, कारण स्कॅनरला एका जागेवरून समोरचीच बाजू दिसते आणि तुमच्या सँपलमध्ये टेबलाची खालची बाजूही आलेली असते. मॉडेल खऱ्या स्कॅनवर चालवायचं असेल तर एक कॅमेऱ्याची जागा ठरवून तिथून न दिसणारे बिंदू काढून टाका, आणि ट्रेनिंगमध्ये ती जागा दर वेळी बदला.